ध्वनीची बैठक

ध्वनियंत्रांच्या इतिहासांत शोधकांचीं नांवें ठळकपणें नोंदलेलीं आढळतात. एडिसननें १८७७ सालीं मनुष्याचा आवाज यंत्रांत सांठवून पुन्हां ऐकविला. बर्लिनरनें १८८७ सालीं तबकडीच्या ग्रामोफोनचा मार्ग काढला. राइस आणि केलॉग या दोघां अमेरिकन अभियंत्यांनीं १९२५ सालीं कागदी शंकूचा ध्वनिवर्धक जगापुढें मांडला. परंतु हें यंत्र ठेवलें कशावर, तें किती उंच होतें, त्याच्या पायांखालीं काय होतें, हे प्रश्न त्या इतिहासांत क्वचितच विचारले जातात. वास्तविक ऐकणाऱ्याच्या कानीं जो आवाज पडतो तो केवळ यंत्राचा नसतो; यंत्र, त्याची बैठक आणि भोंवतालची जागा या तिहींचा मिळून तो असतो. यंत्र शोधणारा परदेशांतला शास्त्रज्ञ असेल. बैठक मात्र बहुधा गांवच्या सुतारानें, गवंड्यानें, कुंभारानें किंवा घरच्याच एखाद्या हौशी माणसानें केलेली असते. या बैठकीलाही इतिहास आहे, आणि तो पाहण्यास जतच्या माळावर उभें राहणें फार सोईचें आहे.

जत हें डफळे घराण्याच्या संस्थानाचें मुख्य गांव. हें संस्थान १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें. पुढच्याच वर्षीं झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत जतचा समावेश झाला, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. पाऊस कमी, माळरान फार, आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदणाऱ्या, असा हा मुलूख. त्याच्या पूर्वेस विजापूर आणि पश्चिमेस मिरज. एका गांवीं दगडी घुमटांत आवाज फिरत ठेवण्याची किमया, तर दुसऱ्या गांवीं भोपळ्याच्या पोटांत आवाज वाढविण्याची कला. ध्वनिवर्धकाची बैठक कशी असावी आणि कशी नसावी, हे दोन्ही धडे या दोन गांवांनीं देऊन ठेवले आहेत.

प्रथम विजापूरचा धडा पाहूं. विजापूरचा, म्हणजे आजच्या विजयपूरचा, गोल घुमट ही मुहंमद आदिलशहाची कबर. त्याचें राज्य १६२७ पासून १६५६ पर्यंत चाललें. घुमटाचा आंतील व्यास सुमारें १२४ फूट असून मध्यें आधारास एकही खांब नाहीं. वरच्या सज्ज्यांत भिंतीशीं तोंड नेऊन कोणी कुजबुजला तर समोरच्या बाजूस भिंतीला कान लावून बसलेल्या माणसास तें स्पष्ट ऐकूं येतें. टाळी वाजविली तर ती अनेक वेळां परत येते. कौतुक वाटावें अशीच ही गोष्ट आहे. पण त्याच घुमटाखालीं उभें राहून कोणी चार वाक्यें मोठ्यानें बोलूं लागला, तर पहिलें वाक्य विरण्यापूर्वींच दुसरें त्यावर येऊन पडतें आणि अर्थ हरवतो. आवाज भरपूर, पण शब्द नाहीं, अशी ती स्थिति होते. कठीण दगड आवाज गिळीत नाहीं, परतवितो. आणि परतलेला आवाज नव्या आवाजाचा शत्रु होतो. हार्वर्ड विद्यापीठांतील वॉलेस सॅबिन या प्राध्यापकानें १८९५ सालापासून अशाच एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. शेजारच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या रात्रीं आणून तो तेथें मांडी आणि आवाज विरण्यास किती क्षण लागतात तें मोजी. गाद्या जसजशा वाढत, तसतसें घुमणें कमी होई. जागेच्या ध्वनिगुणांचें शास्त्र तेथून सुरू झालें.

गोल घुमटाच्या समोरच नगारखान्याची इमारत आहे, आणि तींत आज वस्तुसंग्रहालय आहे. आपल्याकडील किल्ले, वाडे आणि देवळें यांच्या दरवाजांवर नगारखाना बांधण्याची चाल सर्वत्र दिसते. तींत राजवैभवाचा भाग आहेच. परंतु त्याबरोबर एक साधा व्यवहारही आहे. जमिनीवर ठेवून वाजविलेल्या नगाऱ्याचा नाद पुढच्या माणसांच्या अंगावर आणि कपड्यांवर अडतो. तोच नगारा दरवाजाच्या माथ्यावर नेला कीं नाद डोक्यांवरून जातो आणि लांबच्या पेठेपर्यंत पोंचतो. वाद्य तेंच, वाजविणारा तोच, जोरही तितकाच. फक्त बैठक बदलली. उंचीमुळें शक्ति न वाढवितां पल्ला वाढतो, ही गोष्ट गवंड्यांना आणि वाजंत्र्यांना ध्वनिशास्त्राचें पुस्तक न वाचतां ठाऊक होती.

आतां मिरजेचा धडा. तेथील तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकांत उभा राहिला, आणि त्याचें श्रेय हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजांतील फरीदसाहेब यांच्याकडे जातें. पंढरपूरच्या बाजूनें येणारे मोठे कडू भोपळे वाळवून, त्यांवर लांकडी तबली बसवून, दांडी जोडून तंबोरा सिद्ध होतो. खांसाहेब अब्दुल करीमखां मिरजेस राहिले. १९३७ सालीं ते वारल्यावर त्यांचें दफनही मिरजेंतच झालें. गवयी आणि कारागीर यांच्या सहवासानें मिरजेचा तंबोरा देशभर गेला, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. या वाद्याचें मर्म असें कीं नुसती तार फार थोडी हवा हलविते. तिचा आवाज हातभर अंतरावर विरून जातो. ती घोडीवर टेकते, घोडी तबलीवर उभी असते, तबली थरथरते, भोपळ्यांतील हवा तिला साथ देते, आणि मग खोली भरून जाते. तार ज्याच्यावर टेकली आहे, तेंच येथें गातें. म्हणून तंबोरा धरतांना त्याचा भोपळा कोठें दाबला जाऊं नये, याची काळजी घेतात. बैठकीनेंही गावें, हा वाद्यांचा नियम झाला.

ध्वनियंत्रें आलीं तेव्हां लोकांनीं हाच नियम त्यांना लावला, आणि पहिल्या काळांत तो कांहीं अंशीं लागूही पडला. हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ सालीं कलकत्त्यास झाला. त्यावेळीं गौहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें. ग्रामोफोनची सुई पातळ पडद्याला हलवी आणि पडद्याचा क्षीण आवाज पितळी किंवा पत्र्याचा कर्णा वाढवी. तरीही बैठकीचा प्रश्न होताच. मेज एका बाजूस कलतें असेल तर सुई खांचेच्या एकाच कडेवर रेलते आणि तबकडी झिजते. मेज हलकें असेल तर शेजारून कोणी चालत गेल्याचा हादराही सुईला पोंचतो. अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें १९०६ सालीं कर्णा लांकडी कपाटाच्या आंत दडविला. यंत्र आणि त्याची घडवंची एक झाली, आणि सुतारकाम हें ध्वनियंत्राचेंच एक अंग बनलें.

१९२५ सालच्या कागदी शंकूनें मात्र सगळा न्याय उलटा केला. या यंत्रांत लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक लहान वेटोळें असतें. त्यांतून बदलता विद्युत्प्रवाह गेला कीं तें मागेंपुढें हलतें, आणि त्याला जोडलेला शंकु हवा ढकलतो. शंकु पुढें गेला कीं पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. हे दोन परस्परविरुद्ध तरंग कडेवरून फिरून एकमेकांस भेटले तर खर्ज स्वर तेथल्या तेथें नाहींसे होतात. म्हणून शंकु प्रथम भोंक पाडलेल्या रुंद फळीवर बसवूं लागले, आणि पुढें पेटींत. दुसरी गोष्ट अशी कीं शंकु जितक्या जोरानें पुढें ढकलतो तितक्याच जोरानें त्याची चौकट मागें ढकलली जाते. हा धक्का पेटीला बसतो, पेटीकडून खालच्या मेजाला. आणि तें मेज पोकळ असेल तर तेंही आपल्या परीनें गाऊं लागतें.

आतां मेजानें गायिलें तर बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. तंबोऱ्यांत तर तेंच हवें असतें! उत्तर असें कीं मुद्रिकेंतल्या तंबोऱ्याचा भोपळा त्या मुद्रिकेंत आधींच वाजलेला आहे. गवयाचा गळा, सारंगीचें पोट, तबल्याची शाई, हें सर्व मूळ ध्वनींत येऊन बसलें आहे. त्यांत घरच्या कपाटानें आपला भोपळा जोडला तर एका तंबोऱ्याचे दोन होतात, आणि दुसरा कधींही सुरांत लागत नाहीं. वाद्याचें अंग गाणारें असावें; ध्वनिवर्धकाचें अंग मुकें असावें. हलावा तो फक्त शंकु. पेटी स्तब्ध, घडवंची त्याहून स्तब्ध. विसाव्या शतकांतील बैठकीचा हा मुख्य नियम मिरजेच्या नियमाच्या नेमका उलट आहे, आणि म्हणूनच तो अंगवळणी पडण्यास वेळ लागला.

तोपर्यंत नभोवाणी खेड्यांत येऊन पोंचली होती. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. १९३६ सालीं देशांतील सरकारी नभोवाणीस ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. पुण्याचें केंद्र १९५३ सालीं आणि सांगलीचें ६ ऑक्टोबर १९६३ रोजीं सुरू झालें. १९५६ सालीं युनेस्कोच्या साह्यानें पांच मराठी जिल्ह्यांतील सुमारें १५० खेड्यांत शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापून एक प्रयोग करण्यांत आला. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकावा, नंतर त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे कळवावे, अशी ती योजना होती. अशा प्रसंगीं आवाजापेक्षां शब्दाला महत्त्व असतें. गाण्यांतील एखादा स्वर निसटला तर रसिक हळहळेल. पण एकरीं किती बी आणि कोणतें औषध, यांतला एक आंकडा निसटला तर पीक जातें. खोली घुमणारी असेल, संच कोपऱ्यांतल्या पोकळ कपाटावर असेल, तर कितीही मोठ्या आवाजानें तो आंकडा स्पष्ट होत नाहीं. उलट जास्तच गढूळ होतो.

उघड्या मैदानांत प्रश्न वेगळा, पण उत्तर जुनेंच. मार्गशीर्षांत जतला यल्लमादेवीची यात्रा भरते, खिलार जनावरांचा बाजार भरतो. अशा यात्रांतून कर्ण्याचे ध्वनिवर्धक आले ते बांबूच्या खांबावर, झाडाच्या फांदीवर, तंबूच्या शेंड्यावर चढले. कर्णा आवाजाला दिशा देतो. म्हणून तो डोक्यांच्या वर, किंचित् खालीं वळवून बांधावा लागतो. हा नगारखान्याचाच न्याय झाला. दरवाजा दगडी होता, खांब बांबूचा आहे, एवढाच फरक.

घरगुती प्रयोगांत सर्वांत गमतीचा प्रयोग माठाचा होय. अनेक खेड्यांत ट्रान्झिस्टरचा किंवा टेपरेकॉर्डरचा सुटा ध्वनिवर्धक रिकाम्या माठाच्या तोंडावर बसवून ऐकण्याची युक्ति लोकांनीं काढली. ती निव्वळ भाबडेपणाची नव्हे. शंकूच्या मागचा तरंग माठांत कोंडला जातो, त्यामुळें खर्ज नाहींसा होत नाहीं. शिवाय भाजलेल्या मातीची गोल कड फळीसारखी लवचीक नसते. माठाचा बूड गोल, म्हणून त्याखालीं कापडाची चुंबळ येते, आणि ती चुंबळ हादरे जमिनीपर्यंत जाऊं देत नाहीं. कुंभार आणि गृहिणी यांनीं मिळून एक चांगली पेटी आणि एक चांगली बैठक नकळत सिद्ध केली होती! दोष एवढाच कीं माठालाही स्वतःचा एक सूर असतो. पोकळ भांड्यांतील हवा एका ठराविक स्वराला विशेष साद देते, याचें विवेचन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. तो स्वर आला कीं माठ हुंकार देतो. विजापूरचा घुमट आणि मिरजेचा भोपळा, दोघेही त्या माठांत येऊन बसलेले असतात.

खास उभ्या घडवंचीची गरज यानंतर भासूं लागली. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकानें बंद पेटींतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटींतून खर्ज स्वर काढून दाखविले. १९५८ सालीं दोन वाटांच्या, म्हणजे स्टीरिओ, तबकड्या बाजारांत आल्या आणि एका पेटीच्या दोन झाल्या. १९७० नंतरच्या दशकांत बी.बी.सी.नें बाहेरगांवच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत मावावा असा एक चिमुकला ध्वनिवर्धक तयार करविला, आणि तो पुढें घरोघरच्या रसिकांनीं उचलला. पूर्वींचें कपाटाएवढें यंत्र स्वतःच्या पायांवर उभें राही; या लहान पेट्यांना पायच नव्हते. त्या जमिनीवर ठेवाव्या तर आवाज गुडघ्यांशीं घोंटाळतो, कपाटावर ठेवाव्या तर कपाट गाऊं लागतें. म्हणून त्यांच्यासाठीं वेगळी घडवंची करणें प्राप्त झालें. तयार घडवंच्या महाग, आणि मिळतात शहरांत. तेव्हां घरींच करण्याची विद्या वाढली. ही विद्या जतच्या माणसाला अवघड नाहीं, कारण लागणारें सर्व सामान गांवांतच मिळतें.

पहिला विचार उंचीचा. उंच पट्टीचे स्वर काढणारा लहान शंकु ऐकणाऱ्याच्या कानाच्या रेषेंत यावा, कारण ते स्वर सरळ रेषेनें जातात आणि बाजूस लौकर क्षीण होतात. परदेशी घडवंची बहुधा दोन फुटांची असते. ती खुर्चीवर बसणाऱ्याच्या कानाचें माप धरून केलेली. आपल्याकडे गाणें ऐकावयाचें तें सतरंजीवर मांडी घालून. अशा बैठकींत कान जमिनीपासून साधारण २८ इंचांवर येतो. लहान शंकु पेटीच्या तळापासून ९ इंचांवर असेल तर घडवंची १९ इंचांची पुरे. दोन फुटांची घडवंची घेऊन जमिनीवर बसणाऱ्याच्या डोक्यावरून गाणें निघून जातें, आणि दोष मात्र यंत्राला लागतो.

दुसरा विचार स्थैर्याचा. ओबडधोबड फरशीवर चार पायांचा एक पाय बहुधा अधांतरीं राहतो. तीन पायांची तिवई कधींच डुगडुगत नाहीं, कारण कोणतेही तीन बिंदु एका पातळींत येतातच. उलट तिवई कलंडते लौकर. म्हणून तिचे पाय रुंद फांकवावे आणि तळास वजन द्यावें. त्या कामीं शहाबादी फरशीचा तुकडा उत्तम. मधला खांब बाभळीच्या जुन्या, पुरत्या वाळलेल्या लांकडाचा करावा, किंवा लोखंडी चौकोनी नळी घेऊन ती वाळूनें भरावी. रिकामी नळी टिचकी मारतांच घंटेसारखी वाजते. वाळूनें भरलेली नळी मुकी होते, कारण कंपनाची शक्ति कणाकणांच्या घर्षणांत जिरून तिची किंचित् उष्णता होते. वाळू उन्हांत चांगली वाळवून, चाळून घ्यावी. ओलसर वाळूनें लोखंड आंतून गंजतें. वरची फळी पेटीच्या तळाहून तसूभर लहान असावी, आणि पेटी व फळी यांमध्यें सायकलच्या ट्यूबचे चार लहान तुकडे ठेवावे. पेटी सरकत नाहीं आणि हादराही कमी उतरतो.

तिसरा विचार जागेचा. पेटी भिंतीला टेकली कीं खर्ज फुगतो; कोपऱ्यांत गेली कीं दुप्पट फुगतो, कारण प्रत्येक भिंत तो परतवून त्यांत भर घालते. म्हणून दोन्ही घडवंच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढें आणाव्या, आणि दोन पेट्या व ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण होईल असें बसावें. जुन्या माळवदी घरांच्या मातीच्या, ओबडधोबड भिंती आवाज कांहींसा विखुरतात व कांहींसा गिळतात. सिमेंटच्या गुळगुळीत खोल्यांत मात्र प्रत्येकानें आपापला लहानसा गोल घुमट बांधून घेतला आहे. त्याला उपायही घरांतच आहे. धनगरी घोंगडी भिंतीपासून चार बोटें पुढें टांगली आणि खालीं जाड सतरंजी अंथरली, कीं सॅबिनच्या गाद्यांचें काम होतें.

या साऱ्या खटाटोपाचें फळ काय, असा प्रश्न राहतो. फळ हें कीं कमी आवाजांत जास्त ऐकूं येतें. आज मिरवणुकींतून ध्वनिवर्धकांच्या भिंती रचल्या जातात. खिडक्यांच्या कांचा थरथरतात, आजारी माणसें आणि तान्हीं मुलें कळवळतात, आणि एवढें करूनही गाण्याचा शब्द कोणास समजत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकांवर बंधन घातलें आहे. कायदा आवाजाची मर्यादा ठरवूं शकतो. आवाजाचें शहाणपण मात्र त्याला शिकवितां येत नाहीं. तें शहाणपण नगारखाना बांधणाऱ्या गवंड्यापाशीं होतें, तबलीची जाडी बोटांनीं अजमावणाऱ्या मिरजेच्या कारागिरापाशीं होतें आणि आहे, आणि माठाखालीं चुंबळ ठेवणाऱ्या बाईपाशींही होतें.

शक्ति यंत्रांतून विकत घेतां येते. स्पष्टता मात्र बैठकींतून मिळवावी लागते. यंत्र दर दहा वर्षांनीं जुनें होतें, तें टाकून दुसरें आणावें लागतें. बाभळीच्या खांबाची, शहाबादी तळाची, वाळूनें भरलेली घडवंची तीं सर्व यंत्रें एकामागून एक आपल्या डोक्यावर घेते आणि स्वतः गप्प राहते. ध्वनीच्या इतिहासांत तिचें नांव कोठें आलें नाहीं याचें कारण कदाचित् हेंच असावें. ती नीट असते तेव्हां तिचा आवाज कोणाला ऐकूंच येत नाहीं.